रस्सा फुकट

यिवूला हवापालटासाठी कुणी जात नाही. शांघायहून जलद रेल्वेने दीड-दोन तासांवर, चच्यांग प्रांतात हे गाव आहे. केसांच्या क्लिपा, किल्ल्यांच्या रिंगा, पिशव्यांच्या चेन, ख्रिसमसची झाडं आणि आपल्या गणपतीच्या मखराभोवती लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा जिथून निघतात, ते हेच. गावात बघण्यासारखं एकच ठिकाण, तिथला घाऊक बाजार. त्यात पंचाहत्तर हजारांच्या आसपास गाळे आहेत. एकेका गाळ्यापुढे तीन मिनिटं थांबायचं आणि दिवसाचे आठ तास चालायचं म्हटलं, तर शेवटच्या गाळ्यापर्यंत पोचायला सव्वा वर्षाहून जास्त लागेल. हा हिशेब आमच्या मेहुण्याने गाडीत बसल्या बसल्या करून दाखवला आणि वर म्हणाला, ''पण आपण फक्त दोन मजले करू, दाजी.''

मेहुण्याचा पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत फॅन्सी मालाचा धंदा. मूळ घर मालवणचं. बायकोच्या पाठचा भाऊ, त्यामुळे तिच्या लेखी तो अजून चौथीत आहे. ''चल ताई, तुला चीन दाखवतो,'' असं त्याने म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे ती सुप्रसिद्ध भिंत उभी राहिली. प्रत्यक्षात आम्ही बटणांची भिंत पाहिली. जमिनीपासून छतापर्यंत नुसती बटणं, आणि तिच्यापुढे बसलेली एक बाई डबा उघडून भात खात होती. पाच वाजता बाजाराच्या जाळ्या खाली ओढल्या जाऊ लागल्या, तेव्हा माझे पाय गुडघ्यापासून खाली दुसऱ्या कुणाचे तरी होते.

यिवूत हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची इतकी ये-जा असते की डाळ-तडका आणि तंदुरी रोटी सहज मिळते. मेहुणा तिकडेच निघाला होता. बायको म्हणाली, ''एवढं विमानाचं भाडं भरून मी इथे डाळ खाऊ?'' तिच्या या वाक्यानेच आम्ही मालातांग नावाच्या पदार्थाच्या दुकानात पोचलो.

दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेचा एक लांबट गाळा. आत शिरताच डावीकडे छतापर्यंत उघडी फ्रीजची फडताळं, उजवीकडे बाकं, मागे काचेआड स्वयंपाकघर. वेटर नाही, मेन्यूकार्ड नाही, ''काय घेणार?'' असं विचारणारंही कुणी नाही. दारात स्टीलची घमेली एकात एक घालून ठेवलेली, शेजारी चिमटे. घमेलं उचलायचं, चिमट्याने मनाला येईल ते त्यात टाकत जायचं आणि शेवटी ते काट्यावर ठेवायचं. जेवढं वजन तेवढे पैसे. मग ते सगळं तुमच्यादेखत उकळून, वर तुम्ही सांगाल तेवढं तिखट आणि रस्सा घालून वाडग्यात मिळतं. पाट मांडून बसायचं आणि वाढपी पानात वाढेल ते खायचं, अशा संस्कारात वाढलेल्या माणसाच्या हातात एकदम घमेलं दिलं की त्याची अवस्था अवघड होते. मी काही वेळ रिकामं घमेलं छातीशी धरून नुसता उभा होतो. मागच्या दोन शाळकरी पोरी माझ्या बगलेखालून हात घालून बटाट्याचे काप घेऊन गेल्या.

आणि माल तरी केवढा! पालेभाज्याच पाच-सहा, त्यातल्या कोबी आणि कोथिंबीर तेवढ्या ओळखीच्या. बटाटा, रताळं, भोपळा, कमळकाकडीच्या भोकाभोकांच्या चकत्या. समुद्री शेवाळाच्या गाठी. पांढऱ्या, लांब देठाच्या बारीक अळंब्या, काळ्या, कानाच्या आकाराच्या अळंब्या. टोफू तर किती प्रकारचा: मऊ, घट्ट, गोठवून जाळी पडलेला, तळून फुगवलेला, आणि सोयाबीनच्या दुधावरची साय धरून वाळवलेल्या लांब कांड्या. लावी पक्ष्याची अंडी. माशाचे गोळे, झिंग्याचे गोळे, आणि खेकड्याचं नाव सांगणाऱ्या पण माशाच्याच बनवलेल्या गुलाबी कांड्या. पातळ गोमांस, मेंढीचं मटण, आतड्यांच्या पट्ट्या. टोफूच्या अगदी शेजारी गडद तपकिरी चौकोनी वड्या होत्या. ते बदकाचं गोठवलेलं रक्त. आमच्या साताऱ्याकडे बकऱ्याची रक्ती खाणारी घरं आहेत, त्यामुळे मी दचकलो नाही. बायकोने मात्र चिमटा हवेतच थांबवला, कारण त्या दिवशी गुरुवार होता.

एरवी ती मासळीवर जीव टाकणारी. पण गुरुवार म्हणजे गुरुवार. मेहुण्याने धंदेवाईक तोड काढून पाहिली: ''ताई, इथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. इथला गुरुवार लवकर संपतो.'' ती म्हणाली, ''हो, पण घरचा उशिरा संपतो. मी दोन्हीकडचा धरते. उद्या पहाटे अडीच वाजेपर्यंत काही विचारू नकोस.''

या सगळ्या मालाला भाव एकच. अर्ध्या किलोला तीसेक युआन, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या पुढे. कोबीला तोच आणि गोमांसालाही तोच. हे कळल्यावर मी गोंधळलो आणि मेहुणा जागा झाला. दिवसभर हेअरबँडच्या भावात पैशा-पैशाने घासाघीस करून दमलेला तो माणूस फडताळापुढे असा उभा राहिला, की त्याला आता पगडी आणि कानात भिकबाळी तेवढी हवी होती.

''दाजी, एक लक्षात ठेवा. वजनावर विकलेल्या मालात सगळ्यात महाग काय? पाणी.''

यावर त्याने मला रीतसर शिकवणी दिली. पालेभाजी धुऊन ठेवलेली असते, ती झटकल्याशिवाय घ्यायची नाही. भोपळा म्हणजे नुसतं पाणी, त्याच्याकडे बघायचं नाही. काळी अळंबी भिजवून फुगवलेली, म्हणजे दुकानदाराने आधीच नफा काढलेला. रताळ्याच्या पिठाच्या रुंद पट्ट्या, त्याही भिजलेल्या. घ्यायचं ते सुकं, हलकं, पोकळ. ''आणि मुख्य मुद्दा,'' इथे त्याने आवाज खाली आणला, जणू त्या दुकानात मराठी जाणणारे हेर बसले होते, ''रस्सा वजनानंतर पडतो. रस्सा फुकट! मग जो माल रस्सा पितो, तो घ्यायचा.''

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. या तत्त्वावर त्याने इन्स्टंट नूडल्सच्या कोरड्या वड्या घेतल्या, एक नव्हे, चार. वर तळून फुगवलेल्या टोफूचे हलके गोळे, वर तळलेल्या पावाचे तुकडे. घमेलं शिगोशीग भरलं, पण उचलून पाहावं तर पिसासारखं.

बायकोने भाजी मंडईत निवडतात तशी निवडली. प्रत्येक जुडी उलटी करून पाहिली, दोन परत ठेवल्या. मी मात्र लाजेकाजेस्तव सगळंच थोडं थोडं घेत गेलो. कमळकाकडी घेतली तर अळंबीला काय वाटेल, असा माझा स्वभाव. लग्नाच्या पंगतीतही मी कुणाला नको म्हणू शकत नाही.

काट्यावर माझं घमेलं गेलं आणि आकडा आठशेच्या पुढे जाऊन थांबला. गल्ल्यावरच्या मुलीने एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं आणि घमेल्याला नंबराचा चिमटा लावला. बायकोचं पाचशेच्या आत. मेहुण्याचं सव्वातीनशे. बाजार मारून आलेला पेशवा पाहील, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. पण ती मुलगी त्या चार वड्यांकडे बघत राहिली. मग तिने आपल्या फोनमध्ये काहीतरी बोलून फोन आमच्याकडे वळवला. त्यावर इंग्रजीत आलं होतं: तुम्ही एकूण किती माणसं आहात?

मेहुण्याने एक बोट दाखवलं. मुलीने खांदे उडवले.

मालातांगची कुळकथा अशी सांगतात की सिचुआनमध्ये नद्यांवर नावा ओढणारे मजूर काठावर दगडांची चूल मांडून, मडक्यात नदीचंच पाणी उकळून, हाताला लागेल तो पाला त्यात टाकून, दमट थंडीवर उतारा म्हणून मिरची आणि 'ह्वाज्याओ' नावाची मिरीसारखी फळं घालून खात. लशानजवळचं न्यूह्वा हे गाव या पदार्थावर मालकी सांगतं. पुढे ते फुटपाथवर आलं, काड्यांना टोचून विकलं जाऊ लागलं, आणि खाऊन झाल्यावर काड्या मोजून पैसे द्यायची पद्धत पडली. त्या अस्सल सिचुआनी मालातांगचा रस्सा पीत नाहीत. तो नुसता तेल आणि तिखट असतो. तो पिणारा कंगाल, अशी तिकडे थट्टा करतात.

ते वजनावर नेलं ते पार दुसऱ्या टोकाच्या, रशियाच्या सीमेकडच्या लोकांनी. ईशान्येकडच्या हार्बिन शहरातून यांग ग्वोफू या गृहस्थांनी २००३ पासून त्याची दुकानं काढायला सुरुवात केली. तिखट कमी केलं, हाडांच्या रश्शात दूध घालून तो पांढरा आणि पिण्याजोगा केला, वर तिळाची दाट पेस्ट आली, आणि काड्या जाऊन काटा आला. २०२२ मध्ये त्यांच्या कंपनीने हाँगकाँगच्या शेअरबाजारात उतरण्यासाठी अर्ज केला, तेव्हा तिच्या दुकानांची संख्या पाच हजार सातशेंच्या वर होती. त्याच हार्बिनमधून झांग ल्यांग नावाची दुसरी साखळी निघाली, ती यांची कट्टर प्रतिस्पर्धी. तिसरा गलका २०२४ च्या मार्चमध्ये झाला. गान्सू प्रांतातल्या थ्येनश्वेई गावच्या लालभडक मालातांगचे व्हिडिओ फोनवरून असे पसरले, की देशभरातून लोक रेल्वेने तिकडे लोटले आणि गावाने स्टेशनवरून थेट मालातांगच्या दुकानांकडे खास बस सोडल्या. लोकप्रतिनिधींनी सोडवावा असा प्रश्न गावात दुसरा नसेल, असं नाही. पण प्राधान्य कशाला द्यायचं, हे त्यांना कळलं.

आता वरच्या परिच्छेदातला 'हाडांच्या रश्शात' हा शब्द बायकोलाही उशिराच कळला. रस्सा कशाचा, हे तिने फोनवरून विचारलं आणि गल्ल्यावरच्या मुलीने प्रामाणिकपणे उत्तर दिलं. टोमॅटोचा रस्सा आहे, पण त्याचाही पाया तोच. क्षणभर वाटलं, आता डाळ-तडका. पण बायको काचेपाशी गेली. आत मोठ्या हंड्यात साधं पाणी खदखदत होतं आणि त्यात लांब दांड्याच्या जाळीच्या झाऱ्या लटकावून, एकेका गिऱ्हाइकाचा माल वेगवेगळा उकडला जात होता. झाऱ्या सांभाळणारी बाई पन्नाशीची, हातावर भाजल्याचे जुने डाग, केसांवर प्लास्टिकची टोपी. पलीकडच्या हंड्यातून पांढरा रस्सा ओतला जाई. बायकोने आपल्या घमेल्याकडे बोट केलं, रश्शाच्या हंड्याकडे बोट केलं, आणि तळहात जोरात हलवला. मग शेजारच्या झाऱ्यातल्या मटणाकडे बोट करून पुन्हा तळहात. ती बाई हसली. तिने चक्क हंड्यातलं ते पाणी ओतून दिलं, ताजं भरलं, झारा विसळून काचेतून दाखवला, आणि भाज्या उकडून रश्शाशिवाय नुसत्या मसाल्यात कालवून दिल्या. असंही तिथे मिळतं. कोरडं मालातांगच म्हणा ना. मधल्या वेळात दोघींनी एकमेकींना मुलं किती ते बोटांनी सांगितलं. मी लग्नानंतर इतक्या वर्षांत तिच्याशी एवढ्या कमी शब्दांत एवढा तपशीलवार संवाद करू शकलेलो नाही.

मला तिखट किती, असं विचारलं तेव्हा मी छाती पुढे काढून मधलं सांगितलं. कोल्हापूर जवळ करून आलेला माणूस. शिवाय आपल्या गाड्यांवरचं 'शेजवान' चापलेलं. त्या लाल चटणीचा सिचुआनशी संबंध फक्त पाटीवर आहे, हे मला पहिल्या दोन घोटांतच कळलं. मिरचीचा जाळ ओळखीचा होता. तो असणारच, पोर्तुगीजांनी जी मिरची आपल्याकडे गोव्यात उतरवली, तीच अमेरिकेहून निघालेली मिरची चीनच्याही किनाऱ्याला लागली, आणि तिथल्या पुस्तकात तिची पहिली नोंद १५९१ ची आहे, तीसुद्धा शोभेचं झाड म्हणून. पण जाळामागून दुसरंच काहीतरी आलं. आधी ओठांना मुंग्या आल्या. मग जीभ माझी राहिली नाही. मग दातांच्या डॉक्टरने सुई देऊन 'बसा बाहेर' म्हणावं तसं अर्धं तोंड पाहुण्यासारखं वागू लागलं. चहाचा पेला ओठाला लागला की नाही, हे पाहायला मला बोट लावावं लागलं.

''काय झालं?'' बायकोने विचारलं. मी काहीतरी बोललो. माझ्या मते मराठीच होतं. तिने माझ्या वाडग्यातून तांबूस, फुटक्या टरफलाचं एक फळ चमच्याने उचललं, नाकाशी धरलं, आणि मालवणच्या माणसाला परदेशात नातलग भेटल्यावर होतो तसा तिचा चेहरा झाला.

''बंड्या, अरे हे तर तिरफळ!''

मेहुण्याने हुंगलं आणि मान डोलावली. दोघं भावंडं बांगड्याच्या तिखल्यावर पोसलेली. तिरफळं ठेचायची, बी टाकून द्यायचं, कालवण उकळताना घालायची आणि जेवताना फळ चावायचं नाही, हे त्यांना बाळकडूतून मिळालेलं. मी घाटावरचा, मला कुणी सांगितलं नव्हतं. अगदी काटेकोर बोलायचं तर ह्वाज्याओ आणि तिरफळ ही सख्खी नव्हेत, चुलत भावंडं. झाडांची जात वेगळी, पण कूळ एकच. तिरफळात संत्र्याच्या सालीचा वास जास्त, आणि मुंग्या बेताच्या. ह्वाज्याओचा धंदाच मुंग्यांचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये माणसांच्या ओठांना हे फळ लावून, त्याची थरथर बोटावरच्या यंत्राच्या थरथरीशी ताडून पाहिली. आकडा निघाला सेकंदाला पन्नासच्या आसपास, म्हणजे पन्नास हर्ट्‌झ. आपल्या घरात महावितरणची वीज येते, ती याच वेगाने. फरक इतकाच की माझ्या ओठात भारनियमन नव्हतं. अमेरिकेने तर या फळाची आयात १९६८ पासून २००५ पर्यंत बंद ठेवली होती. कारण लिंबू-संत्र्याच्या बागांना होणाऱ्या रोगाचं होतं, पण त्या घडीला मला दुसरंही कारण पटलं असतं.

तोंड बधिर झाल्याचा एक फायदा असा, की मग तिखट लागत नाही आणि चव लागते. हे कसं होतं देव जाणे, पण होतं. कमळकाकडी कुरकुरीत राहिली होती, गोठवलेल्या टोफूच्या जाळीत रस्सा भरून बसला होता, तिळाची पेस्ट सगळ्यावर साय धरल्यासारखी पसरली होती. चव चटण्यांच्या टेबलावर जाऊन आणखी हवी तशी करता येते: लसणाचं पाणी, काळं व्हिनेगर, साखर, शेंगदाण्याचा कूट. हो, कूट! तो पाहिल्यावर मला त्या देशाबद्दल जी आपुलकी वाटली, ती कुठल्याही शिष्टमंडळाला जमली नसती. मी वाडगा संपवला. पांढऱ्या लांब अळंब्या चावून चावून तशाच राहतात, दोरखंड गिळल्यासारख्या गिळाव्या लागतात. तेवढ्या मात्र पुन्हा घेणार नाही.

आणि मेहुणा. त्याचा नंबर पुकारला गेला तेव्हा वाडगा आणायला स्वयंपाकघरातली बाई स्वतः बाहेर आली, कारण नेहमीच्या वाडग्यात ते मावलं नव्हतं. तिने ते भांडी धुण्याचं असावं अशा एका बुट्टीवजा भांड्यात आणलं होतं. वर रस्सा काठोकाठ. मेहुण्याने विजयी मुद्रेने फोटो काढला. मग चटण्या आणायला तो टेबलाकडे गेला. चार मिनिटांत परत आला, तर रस्सा नव्हता.

शपथेवर सांगतो, नव्हता. चार वड्यांनी तो पिऊन टाकला होता आणि त्या फुगून भांड्याच्या वर आल्या होत्या. टोफूचे गोळे दुप्पट झाले होते. पावाचे तुकडे ओळखू येत नव्हते. मेहुणा भांडं घेऊन रस्सा मागायला गेला. बाईने हसत हसत दोन डाव घातले. फुकट. तेही नूडल्सनी पाच मिनिटांत संपवले. चॉपस्टिकने उचलायला जावं तर सगळा गोळा एकसंध वर यायचा. त्याने अर्ध्यापर्यंत झुंज दिली. मग पाठीला टेकला आणि लांब कुठेतरी बघू लागला.

''संपव,'' बायको म्हणाली.

''ताई...''

''अन्न टाकायचं नाही. आईला सांगेन.''

पन्नाशीकडे झुकलेल्या, बोहरी आळीत ज्याच्या शब्दावर माल उधार सुटतो अशा त्या व्यापाऱ्याने निमूट पुन्हा चॉपस्टिक उचलल्या. शेजारच्या शाळकरी पोरी आता उघड बघत होत्या. गल्ल्यावरची मुलगी येऊन एक रिकामा डबा ठेवून गेली, नेण्यासाठी. तो पाहून मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्वाज्याओ त्याने फारसं घेतलं नव्हतं.

पैशांत मात्र तो जिंकला. त्याचं वीस युआनच्या आत, माझं पन्नासच्या पुढे. हे तो अजूनही चारचौघांत सांगतो, आणि डबा दुसऱ्या दिवशी हॉटेलात तसाच राहिला, हे मी सांगतो.

तुमचं यिवूला, शांघायला, हार्बिनला, कुठेही जाणं झालं तर मालातांग जरूर खा. एकट्या माणसाला गरमागरम, पोटभर आणि स्वस्त जेवण इतकं सोपं दुसरं मिळणार नाही. पालेभाजी झटकून घ्या, ते मेहुण्याचं बरोबर आहे. नूडल्सची वडी माणशी एक. तिखटाला 'वेई ला' म्हणा, म्हणजे अगदी थोडं. ते आपल्याला पुरतं. फळ दिसलं की बाजूला काढा. मांसाहार करत नसाल तर रश्शाशिवाय कालवून मागा आणि काचेपाशी उभे राहा. आणि शक्यतो गुरुवार टाळा.